२४ खान्यांची दगडांची पेटी: एका खडीवाल्याचा रिव्ह्यू

४ स्टार. पाचवा का कापला ते खाली लिहितो, पण आधी एवढं सांगतो की घरात शाळेत जाणारं पोर असेल तर ही पेटी नक्की घ्या, आणि नसेल तरी घ्या.

मी कळव्याला राहतो. १८ वर्षं झाली बिल्डिंग मटेरियल सप्लायचा धंदा आहे, खडी, डबर, मुरूम, ग्रिट, क्रश सँड म्हणजे दगड भरडून केलेली रेती, सगळं. सकाळी पहिला फोन हायवा, म्हणजे डंपर, कुठे पोचली आणि रात्री शेवटचा फोन किती ब्रास उतरला. ब्रास म्हणजे १०० घनफूट, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडे दगडाची ओळख एवढीच, किती ब्रास, काय रेट, रॉयल्टीची पावती आहे का. हे आधी सांगतोय कारण दगड मी कमी बघितलेत असं नाही, खूप बघितलेत, पण हातात घेऊन निवांत बघितला नव्हता कधी.

पेटी मागवली मुलीसाठी. ती आठवीत आहे, शाळेत ६ ऑक्टोबरच्या भूविविधता दिवसाचा प्रोजेक्ट होता. हा दिवस युनेस्कोने २०२१ मध्ये ठरवला आणि २०२२ पासून जगभर पाळतात. मला शब्दच नवीन. जैवविविधता माहीत होती, खाडीतले फ्लेमिंगो, येऊरचं जंगल, खारफुटी वगैरे. भूविविधता म्हणजे त्याच्या खालचं सगळं, दगड, खनिजं, माती, जीवाश्म, डोंगर-दऱ्या-खाड्यांचे आकार आणि हे सगळं ज्या घडामोडींनी बनतं त्या घडामोडी. शब्द १९९३ पासून वापरात आहे, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात पहिल्यांदा वापरला गेला. म्हणजे मी धंद्यात पडलो त्याच्या कितीतरी आधीपासून.

किंमत १४५० रुपये, डिलिव्हरीला ९ दिवस लागले, वजन जवळपास तीन किलो. प्लायवूडची पेटी, आत २४ खाने, प्रत्येकात एक नमुना, सोबत एक भिंग, एक लोहचुंबक, ड्रॉपरची छोटी बाटली आणि एक पुस्तिका. पेटी मजबूत आहे, कडी चांगली बसते, आतला फोम मात्र हलका वाटला.

पहिल्याच संध्याकाळी काय झालं ते सांगतो. पुस्तिकेत लिहिलंय की चुनखडीच्या तुकड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. टाकले, भिंगातून बघितलं तर बारीक बारीक बुडबुडे. मग बेसाल्टवर टाकले, म्हणजे आमच्या काळ्या दगडावर, काहीच नाही. मुलगी तिथून उठली ती सरळ किचनमध्ये. आमचा ओटा कडप्प्याचा आहे आणि गॅसच्या उजव्या बाजूला एक पांढरट डाग आहे, तिथे आई नेहमी लिंबाची अर्धी फोड उपडी ठेवते. आईने तो डाग किती वर्षं घासला असेल, राख लावली, तेल लावलं, जात नाही. मुलीने त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजी, हा डाग नाहीये, इथला दगडच थोडा विरघळलाय." कडप्पा म्हणजे काळी चुनखडीच, लिंबाचा आंबटपणा तिला खातो. आईने पण बोट फिरवलं, जरा खरखरीत लागतं तिथे. मग म्हणाली, "मग माझ्या पाट्याला का नाही काही होत?"

आईचा पाटा शहापूरहून आणलेला आहे, गावच्या घरातला, पन्नास वर्षं तरी झाली असतील. त्याच्यावर चिंच वाटली, कैरी वाटली, टोमॅटोची चटणी वाटली, काही झालं नाही, कारण तो काळ्या पाषाणाचा आहे. झिजून गुळगुळीत झाला की पूर्वी टाकीवाल्या बायका यायच्या, दारात बसून छिन्नीने टकटक करून परत खरबरीत करून द्यायच्या, कळव्यात पण यायच्या मी लहान असताना. म्हणजे कुठला दगड ओट्याला आणि कुठला पाट्याला हे शाळेत न गेलेल्या माणसांना पक्कं माहीत होतं. पाथरवटाला केमिस्ट्री सांगायची गरज पडली नाही.

त्या रात्री आम्ही तिघांनी घरातले दगड मोजले. ओटा कडप्प्याचा, आंध्रातून आलेला. बाथरूममध्ये शहाबादी, ती कर्नाटकातून. जिन्याला कोटा, तो राजस्थानचा. स्लॅबमधली खडी इथल्या डोंगरातली, पण त्याच स्लॅबमधलं सिमेंट चुनखडीपासून बनतं आणि आपल्या कोकणपट्टीत काळाच दगड, सिमेंटची चुनखडी चंद्रपूरकडे, म्हणून कारखानेही तिकडे. सळई म्हणजे लोहखनिज. मुलीच्या फोनच्या बॅटरीत लिथियम. मीठ मिठागरातलं. टूथपेस्टमध्ये पण दगडाची पूड. हे पुस्तिकेत एका पानावर चित्र काढून दाखवलंय, ते पान सगळ्यात भारी आहे. एका वन बीएचकेत चार-पाच राज्यांची जमीन असते हे मी घरं बांधायला माल पुरवणारा माणूस असून असं एकत्र कधी मांडून बघितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट रेतीची. खाना नंबर १४ मध्ये नदीची रेती आहे आणि १५ मध्ये क्रश सँड. भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवा. नदीच्या रेतीचे कण पाण्याने घासून घासून कडा मोडलेले, आणि क्रश सँडचे कण धारदार, काचेच्या चुऱ्यासारखे कोपरे. बघताक्षणी मला आमचे मिस्त्री आठवले, जे दर वेळी फोन करून ओरडतात की शेठ ही रेती थापीला रखरखते, पाणी जास्त मागते, प्लास्टर गुळगुळीत होत नाही. बरोबरच आहे त्यांचं. टोकदार कण एकमेकांवर घसरत नाहीत. मी १८ वर्षं त्यांना "आता हीच येते" एवढंच उत्तर देत होतो, कारण भिंगातून कधी बघितलंच नव्हतं.

कळव्याजवळ रेतीबंदर आहे, नाव ऐकलं असेल, लोकलमधून दिसतं. ते नावच रेतीच्या धंद्यावरून. खाडीत डुबी मारून बादलीने रेती काढायचे, होड्या भरून यायच्या. डोंगर झिजणार, त्याची रेती आणि गाळ नदी खाली आणणार, खाडीत तो बसणार, हे सगळं आपल्या हिशोबाने चालत नाही, आपण त्याच्यापेक्षा फास्ट काढत गेलो. त्याच गाळाच्या चिखलावर शेवाळं वाढतं, ते खायला फ्लेमिंगो येतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाला तेव्हा सगळीकडे फ्लेमिंगोचे फोटो होते. चिखलाचा एकही नाही. खाडीवरच्या आमच्या आगरी-कोळी शेजाऱ्यांना विचारा, निवट्या मासे कुठल्या चिखलात मिळतात आणि कुठल्या नाही ते बरोबर सांगतात, चिखलाचे पण प्रकार असतात.

लोहचुंबकाचा प्रयोग पण करा, प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून क्रश सँडमध्ये फिरवा, पिशवीला काळे कण चिकटतात, बेसाल्टमधलं मॅग्नेटाईट. मुलगी यार्डात येऊन तासभर हेच करत बसली होती आणि आमचे ड्रायव्हर काका काम सोडून बघत होते.

आता दगडातल्या फुलांबद्दल. पेटीत भोकाभोकांचा बेसाल्ट आहे आणि शेजारी झिओलाईटचे दोन नमुने, स्टिल्बाईट आणि हेउलंडाईट. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकतात, त्यांची घरं राहतात, आणि नंतर त्या घरांमध्ये पाण्यातून हळूहळू स्फटिक भरतात. खाणीत आम्ही याला फुलं म्हणायचो, पांढरी फुलं आली की माल कच्चा समजायचा. झिओलाईट नाव १७५६ मध्ये क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने दिलं, तापवला की आतलं पाणी उकळून बाहेर येतं म्हणून, नावाचा अर्थच उकळणारा दगड. कपडे धुवायच्या पावडरमध्ये पाणी मऊ करायला जे झिओलाईट घालतात ते कारखान्यात बनवलेलं असतं, पण युक्ती या दगडाकडूनच शिकलेली. आपल्या महाराष्ट्रातले झिओलाईट जगभरच्या म्युझियममध्ये काचेत ठेवलेत आणि मी ते क्रशरमध्ये जाताना बघितलेत.

खरं सांगायचं तर या जागी मला थांबावं लागलं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात लाव्हा वाहिला, एकावर एक थर साठले, आजही साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेत. सह्याद्रीत ते थर आडवे दिसतात, माळशेजला नाही तर कसाऱ्याला गाडी थांबवून बघा, कोणी पायऱ्या कोरल्यासारखे. आणि आपल्या पनवेलच्या आसपास तेच थर समुद्राच्या बाजूला वाकतात, त्याला जगभरच्या भूशास्त्रात पनवेल फ्लेक्शर म्हणतात. पनवेलचं नाव अख्ख्या जगाच्या भूशास्त्रात आहे आणि पनवेलमध्ये हे सांगणारी एक पाटी माझ्या बघण्यात नाही. तिथे मी हजारो ट्रिपा मारल्यात.

आमच्या बिलात कॉलम असतात, माल, ब्रास, रेट, वाहतूक, जीएसटी. दगड डोंगरात बसलेला असताना जे काम करत होता त्याचा कॉलम नाही. हे मला या पेटीने दाखवलं. आमच्या शहापूरचंच उदाहरण घ्या. मुंबई-ठाण्याला पाणी देणारी भातसा, तानसा, वैतरणा सगळी तिकडेच, तानसा धरण १८९२ चं, आणि उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. लहानपणी मला वाटायचं पाऊस एवढा पडतो मग जातो कुठे. काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, ते राहतं वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या ठिसूळ थरात. तो वरचा मुरूम म्हणजे गावाची पाण्याची टाकी आहे. आणि मी मुरूम कशासाठी विकतो, तर भरावासाठी. एका टेकाडाचा मुरूम उचलला की खालच्या विहिरीचं काय होतं याचा विचार मी १८ वर्षांत केला नव्हता, आता करतो, मागच्या महिन्यात एक सौदा नाही म्हणून सोडला. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली बरं केलंत.

दगड काढूच नका असं मी म्हणत नाही आणि म्हणूही शकत नाही. माझं घर त्याच्यावर चालतं आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाचं घर त्याच्यानेच उभं आहे. सिडको १९७० मध्ये झाली तेव्हापासून नवी मुंबई उभी राहिली ती इथल्याच डोंगरांच्या खडीवर. विमानतळासाठी उलव्याची अख्खी टेकडी फोडून सपाट केली, गरज होती, झालं. पण फोडायच्या आधी त्या टेकडीत काय होतं, कुठले थर होते, ते लोकांना दाखवलं असतं, एक भिंत राखून ठेवली असती तर काही कोटींचं नुकसान झालं नसतं. बंद पडलेल्या खाणी आहेत ना आपल्याकडे, पारसिकच्या डोंगरात बघा. डोंगर कापून अशी भिंत उघडी पडते की पुस्तकातलं चित्र फिकं पडेल. तिथे एक पाटी, एक कठडा, शाळेच्या सहली. अंधेरीचा गिल्बर्ट हिल राहिला म्हणून आज लोक जाऊन काळ्या दगडाचे ते उभे खांब बघतात. पारसिकच्या खाणींकडे मला तरी डेब्रिज टाकणारेच जास्त दिसतात.

आणि जीवाचा पण प्रश्न आहे. २०२३ ची १९ जुलै, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पनवेलच्या पुढे, मोरबे धरणाच्या वरच्या अंगाला, म्हणजे नवी मुंबईचं पाणी जिथून येतं तिथेच. कातळाच्या उतारावर माती-मुरमाचा थर बसलेला असतो, पावसाने तो भिजून जड होतो आणि सुटतो. हे समजायला पेटीतला बेसाल्टचा तुकडा तिरका धरून त्यावर ओला मुरूम ठेवून बघा. मुलीने करून दाखवलं, पहिल्या वेळी टिकला, अजून चार थेंब टाकले तर सगळा एकदम खाली आला. एकदम. थोडा थोडा नाही. आम्ही कोणी काही बोललो नाही थोडा वेळ.

आता तक्रारी. एक, स्टिल्बाईट आणि हेउलंडाईटची लेबलं आमच्या पेटीत उलटी लागली होती. पुस्तिकेतल्या फोटोवरून मुलीने ओळखलं, पण सगळी पोरं नाही ओळखणार. दोन, कॅल्साईटचा तुकडा फुटून आला, तीन तुकडे. मात्र तिन्ही तुकड्यांचे कोन सारखेच निघाले आणि पुस्तिकेत लिहिलंय की कॅल्साईट तसाच फुटतो, त्यामुळे मी परत केला नाही. तीन, भिंग प्लास्टिकचं आहे, आठ दिवसांत चरे पडले, १०० रुपये जास्त घ्या पण काचेचं द्या. चार, पुस्तिकेची मराठी काही पानांवर कोरडी आहे, "सदर नमुन्याचे अवलोकन करावे" असली, पोरं ते पान उलटून पुढे जातात. आणि वारशाच्या पानावर फक्त अजिंठा-वेरूळ. अहो इथे अंबरनाथचं शिवमंदिर आहे, १०६० सालचं, सगळं काळ्या दगडात, कळव्याहून ट्रेनने जाण्यासारखं. तिथल्या भिंतीवर हात ठेवून बघा आणि मग पेटीतला तुकडा हातात घ्या. घारापुरी पण बेसाल्टच. जवळचं दाखवलं तर पोरं खरंच जातील बघायला.

पाच, आणि हे महत्त्वाचं, नमुने कुठून आणले ते लिहिलेलं नाही. खाणीतला वाया गेलेला माल असेल तर उत्तम, पण कुठल्या गडावरून किंवा कड्यावरून हातोडा मारून आणले असतील तर ते बरोबर नाही. पेटीवर ठिकाण छापलंच पाहिजे.

पण पाचवा स्टार कापला तो या कशासाठी नाही. कापला कारण पेटीत लाल माती नाही. दोन लाव्हा थरांच्या मध्ये एक लाल पट्टी असते, रेड बोल म्हणतात. एक उद्रेक झाला, मग शांतता, त्या शांततेत वरचा दगड कुजून माती झाली, मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती खाली गाडली गेली, भाजली गेली. आमच्या खाणीत लाल पट्टी आली की मुकादम ओरडायचा, "लाल आलं, बाजूला काढा," कारण खडीत मिसळलं की माल रिजेक्ट. मी स्वतः अशा गाड्या परत पाठवल्यात. ती पट्टी म्हणजे कधीकाळी उघडं आभाळ बघितलेली जमीन आहे हे मला या पेटीच्या पुस्तिकेतल्या दोन ओळींनी कळलं आणि नेमकी तीच पेटीत नाही. पुस्तिकेत नुसता फोटो. २४ खान्यांत दोन गुलाबी क्वार्ट्झ आहेत दिसायला छान म्हणून, त्यातलं एक काढा.

हे मी पेटी बनवणाऱ्यांना मेसेज करून कळवलं. दोन दिवसांत उत्तर आलं, म्हणाले ठेवायची होती पण हवा-पाणी लागलं की भुगा होते, कुरिअरमध्ये टिकत नाही. ते खरं आहे, मी बघितलंय, एक पावसाळा उघड्यावर राहिली की हाताने चुरते. मग मी म्हटलं बुचाच्या छोट्या काचेच्या बाटलीत द्या, भुगा झाला तरी रंग तोच राहतो. त्यांना पटलं, फक्त इकडे मिळेल कुठे असं विचारत होते.

यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात परत आलेल्या एका गाडीचा ढीग तीन वर्षांपासून पडून आहे, वर गवत उगवलंय. रविवारी मी आणि मुलगी फावडं घेऊन गेलो, वरचं भिजलेलं बाजूला केलं, आतून कोरडी, गडद लाल निघाली. दोन गोणी भरून शेडमध्ये ठेवल्यात, पैसे नकोत म्हणून कळवलंय. आमच्या पेटीतला क्वार्ट्झचा एक खाना मुलीने आधीच रिकामा करून घेतला.